पडद्यापलीकडून वाचलेला हुलिया

औरंगाबाद, मार्गशीर्ष वद्य तृतीया, सन १३४३ फसली

चि. सरू हीस आईचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाय तर चुलीत घाल.

नवऱ्यामागं देवगाव रंगारीला गेलीस ती गेलीसच. दोन ओळी खरडायला तुझ्या हाताला काय मेंदी लागली होती? आणि आता लिहिलंस ते काय, तर "आई, यांची नोकरी तुझ्या हातात आहे." वा गं वा! जावई चौकशीपायी मुअत्तल होऊन घरी बसले हे मला तू सांगणार? त्या कचेरीत मी बसते का तू?

तुला नवरा सांगतो तेवढंच ठाऊक. आता माझ्याकडून ऐक, पहिल्यापासून.

आमच्या कचेरीत सरकारचा वजिफा, म्हणजे तनखा, घ्यायला ज्या नवरा मेलेल्या बेवा आणि त्यांच्या लेकी येतात, त्या बुरख्यात नाय तर डोक्यावरून पदर ओढून येतात. आत कोण आहे ते सरकारला कसं कळावं? म्हणून दर बाईचा हुलिया, म्हणजे अंगावरची खूण, दफ्तरात लिहिलेली असते. तोंडावरचा तीळ काय, कुणीही शाईनं काढील. म्हणून खूण घ्यायची ती कपड्याखालची. दफ्तर सांभाळणारा करीम मियां कपाटातून कागदांचा बस्ता काढून देणार. तुझे एकनाथराव पडद्याच्या त्या अंगाला बसून खूण वाचणार. या अंगाला मी बाईचा कपडा सारून बघणार आणि "व्हय, आहे" म्हणणार. मग तिला पैसे. तू परकर नेसायचीस तेव्हापासून मी हे करत आलेय. त्यावर तू वाढलीस, त्यावर तुझं लग्न झालं, आणि एकनाथरावांना त्या पाटावर चिकटवलं तेही मीच. हे तेवढं लक्षात असू दे.

आता त्या जमादाराची बेवा, शहजादी बेगम. तिची लेक मुनिरा. पोरगी नाकीडोळी नीटस. खुलताबादच्या खात्यापित्या घरात सोयरीक जुळली होती, मंगनी झाली होती. आणि एका सकाळी खुलताबादवाल्यांनी अंगठी परत पाठवली. काहून? तर म्हणे पोरीच्या पाठीवर कोड आहे.

कोड नाय गं, काही नाय. लहानपणी चुलीवर पडली, तेव्हाचं भाजलेलं आहे. मी दर वजिफ्याला बघते. पण दफ्तरात कुण्या जुन्या कारकुनानं लिहून ठेवलंय, "पीठ पर सफेद दाग". आणि खुलताबादवाल्यांच्या निरोपात नेमके तेच शब्द आले.

शहजादी बेगम कचेरीच्या दारात बसून छाती पिटायला लागली. "मेरी बच्ची की पीठ बाजार में किसने बेची?" बाई गं, काय तो आकांत. तिनं अर्ज दिला, की दफ्तर कुणी तरी चोरून उघडलं आणि परक्याला दाखवलं. त्याची शहानिशा करायला वरून वहाब साहेब आले. चष्मा, पांढरी दाढी, तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. हल्ली सगळेच तसे बोलतात.

साहेबांनी आधी कपाट बघितलं. करीम मियां दर वजिफ्यानंतर बस्ता बांधून गाठीवर लाखेची मोहर मारतो. मोहर जशीच्या तशी. म्हणजे चोरून कुणी उघडलं नाय. मग राहिलं वाचणं. त्यांनी मला विचारलं, हुलिया वाचताना बाहेर ओट्यावर ऐकू जातं का? मी सांगितलं, छे, साहेब! एकनाथराव इतकं हळू वाचतात की मलाच पडद्याला कान लावावा लागतो. मग साहेबांनी धरलं, की वाचणाऱ्यानंच बाहेर जाऊन फोडलं, आणि जावयांना घरी बसवलं.

मग काय सांगायला पाहिजे होतं? कचेरीची काही अब्रू असते का नाय? तू उगीच डोळे गाळत बसू नकोस. साहेब नेक माणूस आहे, चार दिवस चौकशी करतील आणि जातील. संक्रांत आली, मोटारीबरोबर थोडे तीळ पाठव. मी खुशाल आहे. कुणी विचारत नाय तरी आहे.

तुझी आई
द्वारका


पौष शुद्ध दशमी

सरू,

तुझं पत्र आलं. जन्म दिला त्या आईला लिहितेस, "आई, तुला ऐकू येत नाय. लई दिवस झाले, येत नाय. तूच यांना विनवलंस की मोठ्यानं वाचा, आणि यांनी तुझी लाज झाकायला घसा फोडला. ओट्यावर बसलेल्यांनी ऐकलं. एवढं एकदा साहेबांना सांग, यांच्यावरचं किटाळ जाईल." ही लेकीची भाषा? तुला शाळेत घातलं तिथंच चुकलं माझं.

बरं, धरून चाल, व्हय. कान गेलेत माझे. मग? कान गेलेल्या बाईला कचेरी पूजेला ठेवणार आहे का? दुसऱ्या दिवशी माझ्या पाटावर दुसरी येऊन बसेल. मग मी कुठं जाऊ, तुझ्या सासूच्या दारात? ती मला शिळं वाढील आणि गावभर सांगत फिरेल. तुझा बाप गेला तेव्हा लोकांच्या बाळंतिणी न्हाऊ घातल्या मी. त्यांचे रक्ताचे कपडे धुतले, आणि मागच्या दारानं घरी आले. ते दिवस आठवले की मला भीती वाटते सरू. खरी भीती. तुझा नवरा जवान गडी आहे. त्याला कुठंही हातपाय हलवून खाता येईल. मला नाय.

आणि तुझ्या नवऱ्याचे गुण ऐक. इतके दिवस गप्प होता, आणि परवा वहाब साहेबांपुढं सगळं ओकून मोकळा झाला. "बाईंना ऐकू येत नाही, त्यांच्या सांगण्यावरून मी मोठ्यानं वाचत होतो." भर कचेरीत सासूला बहिरी म्हणाला! करीम मियां तिथंच उभा होता. तो म्हाताराही मान खाली घालून म्हणतो, "साहब, आवाज तो ऊँची रहती थी." साहेबांनी त्याला झापलं, जावयाच्या बाजूनं बोलतोस म्हणून. तो गप्प झाला. पोटाला भिऊनच सगळे गप्प होतात, मी एकटीच नाय.

मग साहेबांनी माझी परीक्षा घेतली. स्वतः पडद्यापलीकडं बसले आणि अगदी हळू वाचायचं ठरवलं. एकनाथराव कोपऱ्यात हात बांधून उभे. या अंगाला माझ्यापुढं एकेक बाई.

कसं निभावलं ते तुला सांगते. लेक आहेस, शिकून घे. इतकी वर्षं मी या बायका बघते. कुणाच्या काखेत मस, कुणाच्या बेंबीखाली टाक्याचा व्रण, कुणाच्या कुल्ल्यावर जन्माचा लाल डाग. सगळं मला पाठ. मला वाचणाऱ्याची गरजच काय? अडचण एवढीच, की साहेबांचं वाचून कधी झालं ते कळायचं कसं. तर मी बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. झाकलेली खूण परपुरुषाच्या तोंडून ऐकली की बाईचं तोंड उतरतं. म्हातारी झाली तरी उतरतं. तोंड उतरलं की मी ठणकावून सांगायची, "व्हय साहेब, डाव्या काखेत मस, आहे!" एक चुकली नाय.

साहेब पडदा सारून आत आले आणि मला हात जोडले. सरकारी अंमलदारानं हात जोडले, सरू! एकनाथरावांचं तोंड एवढंसं झालं. आता म्हणा अजून बहिरी.

आता तू लिहितेस, तू स्वतः येऊन जबाब देणार. ये की. कोण अडवतंय? फक्त कायदा समजून ये. कचेरीत बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर आधी तिची ओळख पटवतात, तिचा हुलिया लिहितात. खूण कपड्याखालची. आणि ती बघणार कोण? मीच. तुझ्या मांडीवर लांबडा चट्टा आहे ना, दुधाची कासंडी उलटवलीस म्हणून उलथनं तापवून मी लावलं होतं तो? तोच सांगीन. तो दफ्तरात जाईल आणि कायमचा राहील. पुढं कोण वाचील, कुठं वाचील, ते माझ्या हातात नाय. आणि तुझ्या सासूला मी लग्नात शपथेवर सांगितलंय, पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नाय म्हणून. ती बाई कशी आहे ते तुला ठाऊक.

तीळ मिळाले. किडके होते.

आई


माघ शुद्ध पंचमी

सरू,

आलीस, आणि आल्या पावली गेलीस. घरी पाणी प्यायलाही टेकली नाहीस. शेजारच्या साळूबाईनं विचारलं, लेक आली होती म्हणे? मी म्हटलं, घाईत होती.

तू त्या पडद्याआड येऊन उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, ही आता बोलणार. साहेब पलीकडं कलम घेऊन बसलेले. मी म्हटलं, लुगडं वर घे. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तुझे ओठ हलले ते मला समजलं. "आई, नको." मी म्हटलं, कायदा आहे. तर तू पदर आवळलास आणि बाहेर निघून गेलीस. मी काय हाताला धरलं होतं? मी थांबवलं होतं? साहेबांनी लिहून घेतलं, साक्षीदार बाईनं ओळख देण्यास नकार दिला.

मी खिडकीतून बघत होते. पायरीवर तुला रडू कोसळलं, आणि एकनाथरावांनी भर रस्त्यात तुझ्या डोक्यावर हात ठेवला. जाणारेयेणारे बघत होते. काही लाज? मी रांडवले तेव्हा माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाय. मी पण रडले होते.

हुकूम काल निघाला. एकनाथरावांनी दफ्तरातली खाजगी बाब बाहेर फोडली, वर वडीलधाऱ्या बाईवर खोटा आळ घेतला, म्हणून बरतर्फ. या रियासतीत कुठल्याही कचेरीत पुन्हा घ्यायचं नाय. हुकूम घेऊन जावई माझ्या दारावरून गेले. मी ओट्यावर धान्य निवडत बसले होते. थांबले, वाकून नमस्कार केला. कशाला केला? शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तू विचारतेस, मग मुनिराची गोष्ट बाहेर गेली कशी, हे तरी मला ठाऊक आहे का. ठाऊक नसायला मी काय खुळी आहे? खुलताबादवाल्यांची वहिदा बेगम, नवऱ्या मुलाची मावशी, ती पण आमच्याकडंच वजिफा घेते. तिचा इलियास टांगेवाला तिला घेऊन येतो आणि ओट्यावर बिडी ओढत बसतो. एकनाथरावांनी "सफेद दाग" वाचलं ते त्यानं ऐकलं आणि जाऊन मालकिणीच्या कानात ओतलं. पण इलियासचं नाव काढलं की साहेब विचारणार, त्यानं ऐकलं कसं? झालं! पुन्हा माझ्याच दारात येऊन बसलं. त्यापेक्षा एकनाथराव बरे.

आणि ती शहजादी बेगम! माझ्या घरी आली. गुलमंडीपासून पायी आली, बुरखा धुळीनं भरलेला. माझे पाय धरून म्हणते, "बाई, तुम तो देखे ना. जला हुआ है, कोड नहीं. खुलताबाद चल के एक बार बोल देव." मी म्हटलं, बेगम, हुलियाबद्दल बाहेर बोलायला मनाई आहे. एका माणसाची नोकरी त्यापायीच गेली. तिनं माझे पाय सोडले, बुरखा ओढला. गेली मग.

मुनिराचं ठरलं आता. एका म्हाताऱ्या हिमरू विणणाऱ्याशी. घरात आधीच्या दोघी आहेत. डागाचं त्याला चालतंय म्हणे. पोरीला छत मिळालं, अजून काय पाहिजे?

तू जेवत जा. पायरीवर उभी होतीस तेव्हा बघितलं, तुला दिवस गेलेत. मला कळवायला काय झालं होतं?

आई


फाल्गुन शुद्ध द्वितीया

चि. सरू हीस,

हे पत्र नीट वाच आणि वाचून लगेच ऊठ.

शहजादी बेगमच्या अर्जापायी वरून नवा हुकूम आला. हुलिया यापुढं हळू आवाजात, पडद्याला तोंड लावून वाचायचा. एकनाथरावांच्या जागी एक कवळं पोर बसवलंय, मिसरूड फुटलेलं. ते पडद्याआडून काय पुटपुटतं ते देवाला ठाऊक. तेही निभावलं असतं, पण आसपासच्या गावांचे वजिफे आमच्याकडं लावले. सगळ्या नव्या बायका. एकीची खूण मला पाठ नाय.

चिकलठाण्याची एक आवडाबाई आली. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले, कधी उतरतंय म्हणून. पण तिचं तोंड आधीच उतरलेलं होतं, उपाशीच असेल घरून. मला काही कळेना. पोरगं पलीकडं खोळंबलेलं. मी अंदाजानं सांगून टाकलं, "नाय, खूण नाय." तोतया ठरवून तिचा वजिफा बंद केला. पायरीवर बसून दिवसभर रडत होती. नंतर मी करीम मियांला दुसऱ्या कामाच्या मिषानं विचारलं. खूण गुडघ्यामागं होती, मी बघितलीच नव्हती. आता फिरवायचं तर सांगावं लागेल काहून चुकले. गेली ती तशीच.

हे असं किती दिवस चालेल? म्हणून मी वहाब साहेबांना गाठलं. म्हटलं, साहेब, नजर मंदावली, एक मदतनीस द्या. घरचीच आहे, माझी लेक. नवऱ्यानं नाव घालवलं, पण लेकीचा काय दोष? नेक माणूस, लगेच मान्य केलं. पगार माझ्याच पगारातून मी देईन.

तर तू निघून ये. फुकट नाय बोलवत. एकनाथराव दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात, सासू तुला भाकरी मोजून देते, हे मला तुझ्या गावच्याच बायांनी सांगितलं. पोटात लेकरू आहे, त्याला काय वारा पाजणार आहेस? इथं दोन वेळ जेवशील. बाळंतपण मी करीन, माझ्याइतकं कुणाला येत नाय. जावयांनी मात्र इकडं यायचं नाय. कचेरीत बोलणं होईल.

काम सोपं आहे. माझ्या उजव्या अंगाला बसायचं. पोरगं पुटपुटलं की माझ्या कानाशी येऊन सांगायचं, खाकरल्यासारखं करून. कुणाला कळणार नाय. तू लहानपणी अशीच कानाशी येऊन बोलायचीस, मला गुदगुल्या व्हायच्या.

नव्या बाईला कामावर घ्यायचं तर तिचाही हुलिया लागतो. तुला पुन्हा त्या पडद्याआड उभं राहायला जड जाईल, म्हणून मी तुझ्या गैरहजेरीत काल सांगून टाकला. मीच ओळखपटवणारी, तुझ्या येण्याची कुणाला गरज पडली नाय. पोरानं लिहून घेतलं आणि बरोबर आहे का म्हणून वाचून दाखवलं. मला काही ऐकू आलं नाय. मी म्हटलं, काय? त्यानं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, अरे मुडद्या, तोंड उघडून वाच! मग त्यानं वाचलं. डावी मांडी, तापलेल्या उलथन्याचा चट्टा, लहानपणचा. तेवढं मला ऐकू आलं.

पडद्याच्या फटीतून ओटा दिसतो. सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. त्यात तुमच्या देवगावचा फकिरा होता, चुलतीला वजिफ्याला घेऊन आलेला. तुझं नाव, तुझ्या नवऱ्याचं नाव, गाव, सगळं आधी वाचलं होतं पोरानं. फकिरा माझ्याकडं बघून हसला आणि उठला. दुपारच्या मोटारीनं गेला असणार.

म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तुझ्या सासूला कळलेलं असेल. आता तिथं तुला कोण ठेवणार? लुगडी बांध आणि पहिल्या मोटारीनं ये.

आई